अडॅप्टरचा हात

माझ्या बायकोला एकच भाऊ आहे, आणि तो एकही जास्तच आहे असं माझं लग्नापासूनचं मत. तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. घरी सगळे त्याला दादा म्हणतात म्हणून मीही म्हणतो; तोंडाला काय, लावाल तशी सवय लागते. कंपनीत मात्र त्याला अडॅप्टर म्हणायचे. तिथे मीही अडॅप्टरच म्हणायचो, आणि ते जास्त मनापासून म्हणायचो.

होय, आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कंपनी पाण्याचे पंप बनवते. मी विक्री विभागात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारी. तो तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, सगळ्यात मागे, भिंतीला टेकवलेल्या एका टेबलामागे. स्टेजवरून बघितलं तर माणूस दिसायचा नाही, नुसतं टक्कल दिसायचं. दोनशे दहा खुर्च्या, एक स्टेज, एक प्रोजेक्टर, चार माइक आणि हा. कोणी बोलायला उभं राहणार असलं की वायरी जोडायच्या, माइक चालू करायचा, पडद्यावर चित्र आणायचं आणि बोलणं संपेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच काम. त्या एवढ्याशा कामाचा त्याने सव्वीस वर्षं संसार मांडला होता.

अडॅप्टर हे नाव त्याच्या जाकिटामुळे पडलं. बिनबाह्यांचं, मळखाऊ रंगाचं, आठ खिशांचं जाकीट. प्रत्येक खिशात वेगळ्या जातीचा अडॅप्टर. जाड पिनेचा, बारीक पिनेचा, आता जगात कोणीच वापरत नाही असा चपटा. कोणी कुठलाही लॅपटॉप आणला की हा दोन बोटं खिशात घालायचा आणि नेमका तोच तुकडा बाहेर काढायचा. आमच्याकडे जेवायला आला की जाकीट काढून खुर्चीला अडकवायचा, तेव्हा भांडी पडल्यासारखा आवाज व्हायचा. त्याची बहीण हसायची. मी हसायचो नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या खिशात काय असावं, याबद्दल माझ्या काही कल्पना आहेत.

वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शाळा सोडली आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एकाकडे वायरी उचलायला लागला. आई अंथरुणाला खिळलेली, बहीण सहा वर्षांची. तिचा अभ्यास, तिची वेणी, तिचा डबा सगळं यानेच केलं, पुढे तिला कॉलेजात घातलं, ती शाळेत गणित शिकवायला लागली तेव्हा हा पेढे वाटत, जणू स्वतःच नोकरीला लागल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटला. त्याने स्वतः लग्न केलं नाही. ही गोष्ट माझी बायको वर्षातून चार वेळा सांगते. मला पाठ आहे. केलं ते चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण एखाद्याने एकदा चांगलं केलं म्हणून आपण किती वर्षं मान हलवत बसायची, याला काही मर्यादा?

लग्न ठरायच्या वेळी तो आमचं घर बघायला आला. इतरांकडे मुलीचे भाऊ येतात ते नोकरी विचारतात, माणसं विचारतात. याने चहाही न घेता आधी दारामागचा स्विचबोर्ड बघितला. स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला, आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "तुमच्याकडे अर्थिंग नाहीये. शॉक बसेल एखाद्या दिवशी कोणाला तरी." पुढच्या रविवारी स्वतः वायर घेऊन आला आणि दिवसभर खड्डा खणत बसला. माझ्या वडिलांना माणूस फार आवडला. मला वाटलं, मुलीचा भाऊ आणि फावडं घेऊन आमच्या अंगणात! त्याच दिवशी मी ओळखलं की हे पाणी काही खोल नाही.

आमच्या कंपनीत जागा निघाल्याचं त्यानेच मला सांगितलं, हे खरं. अर्ज त्यानेच आणून दिला, हेही खरं. पण नोकरी मी मिळवली ती माझ्या जिभेवर. पहिल्याच दिवशी मी त्याला जिन्यात गाठलं आणि म्हणालो, "दादा, इथे आपलं नातं कोणाला कळायला नको. उगाच लोक वशिला म्हणतील."

त्याने दोन पायऱ्या चढेपर्यंत विचार केला. मग म्हणाला, "बरोबर आहे, जावईबापू. तुम्हाला पुढे जायचंय."

तेव्हापासून नऊ वर्षं तो मला ऑफिसात साहेब म्हणाला. एकदाही चुकला नाही. घरी जावईबापू, ऑफिसात साहेब. मीच एकदा दोनदा गडबडलो असेन, तो नाही. या बाबतीत मात्र माणूस पक्का होता.

आता त्याच्या वेडेपणाबद्दल. सभा दहाला असली तर हा सातला यायचा. सगळ्या दिव्यांची बटणं एकदा चालू, एकदा बंद. मग माइकपाशी उभं राहून वर्तमानपत्रातल्या लहान जाहिराती मोठ्याने वाचायचा, कारण "हॅलो हॅलो म्हणून माइक कळत नाही, माणूस बोलतो तसं बोलावं लागतं." मग रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसायचा आणि पडद्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर वाचता येतंय का ते बघायचा. जमिनीवरच्या दोन वायरी एकमेकींना ओलांडत असतील तर त्याला जेवण जात नसे. प्रत्येक वायर पिवळ्या चिकटपट्टीने जमिनीला चिकटवलेली, आणि पट्टीवर बालवाडीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहिलेलं, ही कुठून आली आणि कुठे चालली. मंगळावर यान पाठवणारेही इतकं करत नसतील. हा करायचा, कशासाठी, तर विक्री खात्याच्या मासिक सभेसाठी, जिथे निम्मे लोक झोपलेले असतात.

हे सगळं एकवेळ खपवून घेता आलं असतं. खरी चीड यायची ती त्याच्या हाताची.

सभा चालू असताना काही बिघडलं की बोलणारा मागे बघतो. मग दोनशे माना मागे वळतात. तेवढ्यात त्या टेबलामागून हा उभा राहायचा, उजवा हात डोक्याच्या वर करायचा आणि म्हणायचा, "माझी चूक, साहेब. दोन मिनिटं द्या." चूक कोणाचीही असो. हिशेब खात्याच्या प्रमुखांनी पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर तेच समुद्रात अर्ध्या चड्डीत उभे दिसले, तेव्हा हा उठला. "माझी चूक. फाईल चुकीची उघडली." बाहेरून आलेल्या एका डॉक्टरीणबाई माइकचं बटण न दाबता सहा मिनिटं आरोग्यावर बोलल्या, कोणाला शब्द कळला नाही. हा उठला. "माझी चूक, बाई." एक संचालक तर फाईल घरीच विसरले आणि वर म्हणाले, तुमच्या मशीनने खाल्ली. हा उठला, हात वर, आणि मशीनच्या वतीनेही माफी मागितली.

मी एकदा जेवताना त्याला म्हटलं, "दादा, कशाला हे? हात दाखवून अवलक्षण!"

तो घास संपवून म्हणाला, "लोक वायरला माफ करतात, जावईबापू, माणसाला करत नाहीत. स्टेजवरच्या माणसाला एकदा लाज वाटली ना, की त्याचा घसा सुकतो, पुढचं सगळं जातं. मला काय, मागे अंधारात मला कोण बघतंय?"

माझी बायको त्याच्याकडे असं बघत होती की जणू त्याने काही मोठं सांगितलं. मी भाजी मागितली. माणसाला स्वतःची किंमत नसली की तो असं काहीतरी शोधून काढतो आणि त्याला चांगुलपणा म्हणतो.

सव्वीस वर्षांत त्याला कायम कोणी केलंच नव्हतं. दरवर्षी एक कागद यायचा, सही करायचा, अजून एक वर्ष. मग प्रशासनाला नवीन साहेब आले. त्यांनी एक फॉर्म काढला. सभेत अडचण आली की फॉर्म भरायचा, आणि कारणापुढे तीन चौकोन: यंत्र, चालक, वक्ता. वक्ता या चौकोनात खूण करणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. वर्षात 'चालक'च्या तीन खुणा झाल्या की पुढचा कागद निघणार नाही, सभागृह बाहेरच्या एजन्सीकडे जाईल, असा नियम झाला.

सहा महिन्यांत दोन खुणा झाल्या. एकदा एक पाहुणे वायरवर पाय देऊन उभे राहिले होते. एकदा दुसरे घरून स्वतःचा रिमोट घेऊन आले होते, ज्यात सेलच नव्हते. दोन्ही वेळा हात वर. बायको त्याला म्हणाली, "दादा, आता तरी हात खाली ठेव. दोन वर्षं राहिलीत तुझी."

"सवय आहे गं," तो म्हणाला. "साठ होईपर्यंत हॉल माझ्या हातात राहिला ना, की मग काही नको. नीट सगळं कोणाला तरी दाखवून देऊन जाईन."

एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. दोन वर्षं आणि एक हॉल. मला हे माहीत होतं. तिसरी खूण झाली तर काय होणार, तेही माहीत होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको.

त्याच सुमारास वार्षिक सभा आली. मला पंचवीस मिनिटं मिळाली: पुढच्या पाच वर्षांची विक्री. प्रशिक्षण प्रमुखाची जागा रिकामी होती आणि मोठे साहेब या सभेतूनच माणूस उचलणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या रविवारी दादा आमच्याकडे आला. हातात एक कागद. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, चौदा मुद्दे. "फाईल एक दिवस आधी मला द्या," तो म्हणाला. "व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पडदा गेला तर थांबू नका, पुढचं वाक्य तोंडपाठ ठेवा. पाण्याचा ग्लास डाव्या हाताला. आणि तुमच्या लॅपटॉपची बॅटरी गेलीये, वीस मिनिटांच्या वर चालत नाही. स्टेजवरच्या टेबलाखाली प्लग आहे. मी लावून ठेवेन. तेवढा काढू नका."

"दादा," मी म्हणालो, "नऊ वर्षं बोलतोय मी. तुम्ही मला बोलायला शिकवणार?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. दादाने कागदाची घडी केली, साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि आमच्या दारावरची बेल कुरकुर करत होती ती दुरुस्त करून गेला.

सभेच्या दिवशी मी नवा कोट घातला. स्टेजवर गेलो, टेबलाखाली वाकून बघितलं. प्लग लावलेला होता आणि त्यावर पिवळी पट्टी: 'काढू नये.' माझ्यासाठी! दोन प्लगची जागा; एकात माझा लॅपटॉप, दुसऱ्यात स्टेजचा दिवा. आणि माझा फोन तीन टक्क्यांवर आला होता. आता सांगा, दोनशे माणसांसमोर बोलून खाली उतरल्यावर माणसाला फोन येतात, अभिनंदनं येतात. अशा वेळी फोन मेलेला असून चालतो का? वीस मिनिटं बॅटरी चालते असं तोच म्हणाला होता. पाच मिनिटांचा तर प्रश्न. मी पट्टी ओरबाडली, लॅपटॉपचा प्लग काढला, फोनचा लावला आणि फोनचा आवाज बंद करून तिथेच टेबलाखाली ठेवून दिला.

अठराव्या मिनिटाला, मी हात पसरून "आणि आता बघा" म्हणालो आणि पडदा काळा झाला.

लॅपटॉपही काळा. माझ्या पुढ्यात दोनशे दहा माणसं, पहिल्या रांगेत मोठे साहेब, आणि माझ्या डोक्यात काहीही नाही. पुढचं वाक्य नाही. मागचं वाक्य नाही. नऊ वर्षं टाळ्या मिळवणारी जीभ तोंडात चामड्यासारखी पडून होती. पाण्याचा ग्लास उजव्या हाताला होता, तो कोपर लागून आडवा झाला. मला हे कबूल करायला आवडत नाही. आणि मी सगळे बघतात तसं मागे बघितलं. अडला हरी, दुसरं काय.

तो आधीच निघाला होता. भिंतीच्या कडेने, कोणाच्या मध्ये न येता, वाकून. स्टेजवर चढताना त्याचे गुडघे वाजले ते मला ऐकू आले. टेबलावरचं कापड बाजूला करून तो आत शिरला. फाटलेली पट्टी बघितली. माझा फोन बघितला. फोनचा पडदा उजळलेला होता, कोणाचा तरी फोन येत असावा. त्याने फोन उपटून हातात घेतला आणि खालून माझ्याकडे वर बघितलं. रागाने नाही. उडालेल्या फ्यूजकडे बघतो तसं, आता काय करता येईल, अशा हिशेबाने. काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही, मी लोकांकडे बघून हसत होतो. मग त्याने गुडघ्यांवर बसल्या बसल्याच माझा फोन माझ्या कोटाच्या खिशात सरकवला, असा की पहिल्या रांगेलाही दिसू नये. लॅपटॉपचा प्लग लावला. उभा राहिला. आणि हात वर केला.

"माझी चूक, साहेब. प्लग सैल राहिला. दोन मिनिटं द्या."

दोन मिनिटं कसली, लॅपटॉप चालू झाला तो स्वतःची काहीतरी दुरुस्ती करत बसला. अकरा मिनिटं लागली. पण तो हात वर झाला त्या क्षणी माझ्या घशात पाणी आलं. चूक माझी नव्हती! सगळ्यांनी ऐकलं होतं. जीभ सुटली, आणि मी माइक हातात घेऊन म्हणालो:

"बघा मंडळी, आपले पंप नवे, मशीन नवं, पडदा नवा. फक्त मागे बसलेला माणूस तेवढा जुन्या बनावटीचा! गॅरंटी कधीच संपली, पण कंपनी बदलून देत नाही!"

सभागृह फुटलं. मोठे साहेब रुमालाने डोळे पुसत होते. तो माझ्या पायाशी वायर धरून बसला होता, तोही हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. मग मी थांबलोच नाही. फुंकर मारून बघा, चालू होईल. आपटून बघा, माणसाला, मशीनला नव्हे. अकरा मिनिटं. माझे विक्रीचे आकडे कोणाला आठवत नाहीत, पण ती अकरा मिनिटं अजून आठवतात.

खाली उतरलो तेव्हा मोठ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "अडचणीत माणूस कळतो," ते म्हणाले. महिन्याभरात मी प्रशिक्षण प्रमुख झालो.

फॉर्म दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आला. प्रशासनाचे साहेब स्वतः घेऊन आले. "तुम्ही जवळ होतात," ते म्हणाले. "प्लग खरंच सैल होता का? त्याची तिसरी खूण आहे, म्हणून विचारतोय. नाहीतर मी यंत्रावर टाकतो."

म्हणजे माणूस वाईट नव्हता. दार उघडून उभा होता. पण यंत्रावर टाकलं तर यंत्राची तपासणी होणार. टेबल उघडणार, फाटकी पट्टी सापडणार, प्रश्न निघणार. आणि दोनशे दहा माणसांसमोर तो स्वतःच म्हणाला होता, माझी चूक. थोरांचा शब्द खाली पडू देऊ नये. मी 'चालक'वर खूण केली आणि सही केली.

महिनाअखेरीस तो गेला. निरोप वगैरे काही झाला नाही; चालकांना निरोप देत नाहीत. जाण्याआधी त्याने चार दिवस बसून प्रत्येक वायरीवर नव्या पट्ट्या लावल्या, नव्या लोकांना कळावं म्हणून. काळे टी-शर्ट घातलेली एजन्सीची दोन माणसं आली आणि त्यांनी पहिल्याच दिवशी त्या सगळ्या उपटून टाकल्या. आता तो बाजारात एका दुकानाच्या दारात स्टुलावर बसून इस्त्र्या दुरुस्त करतो. जाकीट तेच. इस्त्रीला कसले अडॅप्टर लागतात, देव जाणे.

आमच्याकडे तो पूर्वीसारखाच यायचा. जावईबापू, कसं चाललंय? छान चाललंय. बस, एवढंच. बायकोने मला एकदाच विचारलं, जेवणाची ताटं उचलताना. "प्लग सैल होता का हो?"

"तोच म्हणाला ना तसं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, "म्हणाला." आणि ताटं घेऊन आत गेली. भावाचं दुःख असेल म्हणून मी विषय वाढवला नाही.

आठ महिन्यांनी मोठ्या साहेबांना एक कल्पना सुचली. आपल्या सगळ्या शाखांमध्ये मी एक वर्ग घ्यावा: बोलता बोलता पडदा गेला, माइक गेला, लॅपटॉप बसला, तर काय करावं. या विषयावर माझ्याइतका अधिकार कोणाचा? मी कामाला लागलो. तीन दिवस कोऱ्या कागदाकडे बघितलं. चौथ्या दिवशी साखरेच्या डब्याखालून ती घडी काढली. चौदा मुद्दे. पुढचं वाक्य तोंडपाठ ठेवा. पाण्याचा ग्लास डाव्या हाताला. विचार काही नवीन नव्हते, मलाही सुचलेच असते. त्याने फक्त आधी लिहून ठेवले होते, ते मी मांडणीत बसवले. पंधरावा मुद्दा मात्र माझा स्वतःचा: हसवा. आणि त्याला उदाहरण म्हणून ती अकरा मिनिटं.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत मी तालीम केली. लॅपटॉप तोच, शकुनाचा म्हणून मी बदलला नव्हता. बॅटरी आता नावालाच उरली होती, प्लग काढला की लगेच डोळे मिटायचा. बायको सोफ्यावर वह्या तपासत बसली होती. मी म्हणालो, "ऐक जरा, आणि कुठे कंटाळा येतो ते सांग."

तिने ऐकलं. चौदा मुद्दे होईपर्यंत लाल पेन थांबलं नाही. मग मी पंधराव्यावर आलो. पडदा कसा गेला, मागचा माणूस कसा आला, आणि मी काय म्हणालो. जुन्या बनावटीचा! गॅरंटी संपली!

"इथे लोक हसतात," मी सांगितलं. "इथे दहा सेकंद थांबायचं."

"चौदा," ती म्हणाली.

"काय चौदा?"

"चौदा सेकंद हसले होते. मी मोजले."

मला समजेना. ती त्या दिवशी शाळेत होती. तिने पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"मधल्या सुट्टीत मी तुम्हाला फोन केला होता. वाटलं, झालं असेल भाषण. फोन उचलला गेला. मी हॅलो म्हणणार तेवढ्यात दादाचा आवाज आला, अगदी हळू. म्हणाला, 'जावईबापू, फोनसाठी काढलात होय प्लग? असू दे, असू दे. तुम्ही समोर बघा.' मग फोन खिशात गेल्यासारखी खसखस झाली. मग दादा मोठ्याने म्हणाला, माझी चूक. मग तुम्ही बोलायला लागलात. अकराही मिनिटं ऐकली मी. तासाची घंटा झाली तरी मी तिथेच उभी होते."

फोनच्या यादीत ते असणारच. पण त्या दिवशी चाळीस फोन आले होते, खालची यादी कोण बघतो?

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाट बघत होते. तुम्ही सांगाल म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाशी बोलावं तसा होता. "दादाला विचारलं होतं मी. तो म्हणाला, जाऊ दे गं, त्यांना पुढे जायचंय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नऊ वर्षांची जीभ, आणि आता एका मोठ्या पदाची. पुढचं वाक्य आलं नाही.

ती उठली. माझ्या टेबलापाशी आली, वाकली, भिंतीतला माझा प्लग काढला आणि तिथे आपल्या फोनचा लावला. "दादाला जेवायला बोलवायचंय," ती म्हणाली. "माझ्या फोनला चार्जिंग नाहीये."

लॅपटॉप काळा झाला. त्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं, उघडं. मला लाज वाटली, आणि ही कोणाच्या नावावर टाकायची ते कळेना. माझ्या शेजारी उभी राहून ती फोनमध्ये म्हणत होती, "दादा, जेवायला येतोस का? नाही, काही बिघडलेलं नाही. नुसताच ये." मी सवयीने मागे वळून बघितलं. मागे कपड्यांचा स्टँड होता आणि त्यावर माझेच शर्ट वाळत होते.